छाटणीपासून दिवस

डायरी फुकट मिळाली.
दिंडोरी नाक्यावरच्या आमच्या कृषी सेवा केंद्रात
औषध कंपनीचा माणूस दर दसऱ्याला गठ्ठा टाकून जातो,
द्राक्षवाल्या गिऱ्हाइकांसाठी.
एक उरली. कोपरा दुमडलेला,
वर हिरवा घड, घडावर छापील दव.

माझा कोर्स त्याच पंधरवड्यात सुरू झालेला.
संख्याशास्त्र, घरबसल्या, चौतिसाव्या वर्षी.

आधी सगळं फोनवरच ठेवलं होतं.
फोन वाजायचा तेव्हा मी
कुणाला तरी भुरीचं औषध काढून देत असायचे.
‘नंतर आठवण करा’ दाबायचे.
नंतर तो आठवण करायचा,
मी परत दाबायचे.
अशा दोन असाइनमेंट गेल्या.
कुणी ओरडलं नाही,
स्क्रीनच्या कोपऱ्यात नुसता एक लाल आकडा आला.

डायरीत रकाने छापलेले:
छाटणीपासून दिवस. हवामान. फवारणी.
मजूर. शेरा.
अभ्यासाचा एकही नाही.
पट्टी घेऊन नव्या रेघा मारायला बसले
आणि मारल्याच नाहीत.

छाटणीपासून दिवस: नऊ.
हवामान: मखमलाबादला रेंज दोन काड्या, गच्चीवर तीन.
फवारणी: संभाव्यता, व्हिडिओ चौथा, दोनदा.
मजूर: एक.
शेरा: मजूर नवालाच जांभया देऊ लागला.

दिवस सतरा कोरा.
अठरा कोरा.
एकोणीसला लिहिलं, सासूबाईंचा मोतीबिंदू, उजवा डोळा,
दर चार तासांनी थेंब.
डायरीनं तेही घेतलं.
ती वाजत नाही.
गल्ल्याशेजारी उघडी पडून असते,
पान उडू नये म्हणून वर बोरॉनचं पाकीट,
आणि येता-जाता माझ्याकडे बघते,
उधारीवाल्याकडे बघावं तशी.

अडतिसाव्या दिवशी एका रविवारात अकरा कामं कोंबली.
बारीक अक्षर, समासातसुद्धा.
म्हसरूळचे त्र्यंबकनाना बिलासाठी उभे होते,
त्यांनी पान उलट्या बाजूनं वाचलं, आकडे मोजले.
“विरळणी कधी?”
मला वाटलं, त्यांच्या बागेचं बोलतायत.
“घडात सगळेच मणी ठेवले
तर फुगत एकही नाही, पोरी. कात्री लाव.”
नाना काय शिकलेत मला ठाऊक नाही.
नव्वद रुपये झाले होते, शंभर दिले,
दहाची नोट न घेताच गेले.

सात कामं कापली. हात जड झाला.
‘पहाटे चालणे’ गेलं,
‘इंग्रजी सुधारणे’ गेलं,
‘सगळ्या नोट्स पुन्हा सुवाच्य अक्षरात’ हे कापताना तर
आतून काहीतरी आंबट आलं वर.
विरळणीच्या दिवसांत वेलीखाली
हिरव्या मण्यांचा सडा पडतो,
त्यावर पाय देत बायका पुढच्या वेलीकडे जातात.
कुणी खाली बघत नाही.
मी बघितलं. दोन-तीनदा बघितलं.

दिवस शहाण्णव. हवामान: सहा अंश.
खाली बागाबागांत शेकोट्या,
घडांना थंडी बाधू नये म्हणून.
वर गच्चीवर मी, नवऱ्याचा स्वेटर,
प्रमाण विचलन, आणि एक पेन
जे थंडीनं उमटेना,
ते काखेत धरून गरम केलं.
शेरा: आज कळलं. का कळलं ते माहीत नाही.

एकशे बाविसाव्या दिवशी निकाल.
एकसष्ट टक्के.
‘उतारा’ नावाचा रकाना शेवटच्या पानावर होता,
तो तोवर मला दिसलाच नव्हता.

पुढच्या दसऱ्याला कंपनीच्या माणसाला म्हटलं,
एक माझ्यासाठी बाजूला ठेवा, कोपरा न दुमडलेली.
त्यानं वही काढली, नाव लिहिलं.
“ताई, तुमची बाग कुठं?”
“गच्चीवर.”
“किती एकर?”
“तीन काड्या,” म्हटलं.
त्यानं तसंच लिहून घेतलं.