पाहुण्यांची खोली

किल्ली अजून माझ्याकडेच आहे,
लाल लोकरीच्या दोऱ्यात ओवलेली.
दोरा दोनदा बदलला, किल्ली तीच.
हाव्नेसच्या मैदानावर खोल्या दोनच:
एक आमच्या पोरांची, एक पाहुण्यांची.
पाहुण्यांच्या खोलीतला हीटर
लाथ घातल्याशिवाय पेटत नाही.
प्रत्येक संघाला मी हे सांगत आले,
नॉर्वेजियनमध्ये, खुणांनी,
आणि एकदा प्रत्यक्ष लाथ घालून.

इटलीतले ते बडे लोक आले होते, तेव्हा.
फेब्रुवारी. सूर्य नुकताच परतलेला,
डोंगराच्या कडेला जेमतेम टेकून उभा.
पातळ तळव्यांचे बूट, लांब कोट,
आणि फळ्यांवर वाळत टाकलेल्या कॉडचा वास आला
तसे सगळ्यांचे हात एकदम नाकाशी.
पत्ता चुकून भलत्याच घरी
बारशाला आल्यासारखे दिसत होते.

आमचा गोलकीपर आइलिफ
मासे गोठवायच्या कारखान्यातून
सकाळची पाळी करून आला होता.
गावाची वस्ती चार हजार;
त्यातले अडीच हजार मैदानात,
उरलेले बोटीवर, नाहीतर तान्ही पोरं सांभाळत.
अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला
चेंडू बर्फाच्या ढेकळाला अडला,
त्यांचा बचावपटू घसरला,
आणि शाळेत सुतारकाम शिकवणाऱ्या स्वेरेनं
डोळे मिटून मारला.
एक-एक.
परतीच्या सामन्यात त्यांनी आम्हाला पाच घातले,
पण ते मी कुणाला सांगत नाही.

त्यांचा एक पोरगा बाकावर बसून होता,
दोनातो नाव, एकोणीसचा असेल,
दात असे वाजत होते की मला ऐकू येत होते.
मी ओडवारचे बोटीवरचे लोकरी मोजे
त्याच्या मांडीवर टाकले.
त्यानं बूट काढले, मोजे चढवले,
आणि माझ्याकडे असं पाहिलं,
जसं लेकरू आईकडे नाही,
तर भाकरीकडे पाहतं.

आता त्या वीस जणांनी वेगळी चूल मांडली.
हरलं तरी जागा पक्की,
तळाला गेलं तरी जागा पक्की.
पंगत त्यांचीच, वाढपी त्यांचेच,
उष्टंसुद्धा बाहेर पडायचं नाही.
ओडवार म्हणतो,
ज्याला पडायची भीती नाही
त्याच्या जिंकण्याला मीठ नाही.
असं म्हणतो, आणि रात्री टीव्ही लावून
त्यांचाच सामना बघत बसतो.
मी काही बोलत नाही.
गवत खरंच सुंदर आहे त्यांचं.

वरून झिरपत यायचे ते पैसे
या वर्षी आले नाहीत.
थोडेच असायचे,
पण त्यात चौदा वर्षांखालच्या मुलींची बस निघायची.
आता सुनिवाचा बाप त्यांना
माशांच्या व्हॅनमधून नेतो, पाच-पाच जणी,
दोन फेऱ्या करून.
पोरी सामना खेळायच्या आधीच
खारट झालेल्या असतात.
कमिटीनं वॉफल दहा क्रोनरनी महाग केलं.
त्यावरून दोन तास भांडण झालं,
त्या वीस जणांबद्दल मात्र
कुणी पाच मिनिटंही बोललं नाही.
काय बोलणार?
आपल्याला कुणी हाकललेलं नसतं,
फक्त उंबरा सरकवून
दूर नेलेला असतो.

दोनातो आता त्या लीगमध्ये कॅप्टन आहे.
दाढी वाढवली आहे, शोभत नाही.
कॉर्नर घ्यायला तो वाकला की
मी कॅमेरा खाली जायची वाट बघते.
जातो कधीतरी. मोजे पांढरे, पातळ,
घोट्यावर कुठल्याशा बँकेचं नाव.

शनिवारी शेजारच्या बेटावरच्या मुली येणार होत्या.
वाऱ्यामुळे फेरीबोट रद्द झाली.
तरी मी खोली उघडली,
हीटरला लाथ घातली,
बाकावर जरा टेकले.
खुंट्या अकरा आहेत, बारावी कधीची तुटलेली;
बसवू बसवू म्हणत राहून गेली.

घरी आले तर ओडवार कपाट उपसत होता.
ते मोजे काही परत आले नाहीत, म्हणाला,
आणि तसे जाड मोजे
आता मिळतही नाहीत.