छाट

मालक म्हणाले, फॉर्म तीन आहेत म्हणून स्क्रिप्टही तीन कशाला?
एकच लिही. सांभाळायला बरं.
अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना,
गाठी बांधायच्या खोलीवर माझं टेबल,
खाली ट्रक लागला की कीबोर्ड थरथरतो.

एक फॉर्म भाव विचारणाऱ्यांचा.
एक तक्रारींचा: रंग गेला, किनार उसवली,
डझनात अकराच निघाले.
एक काम मागणाऱ्यांचा.
तिन्हींच्या पोटात मी एकेक न दिसणारा रकाना ठेवला,
त्यात एक शब्द. भाव, तक्रार, काम.
भरणाऱ्याला तो दिसत नाही, स्क्रिप्टला दिसतो.
शब्द वाचायचा, ज्याचं त्याच्या वहीत टाकायचं.
आणि शब्दच नसला तर?
सोडून दे, असं मी लिहिलं.
एका ओळीचं काम. चार वाजले होते, चहा आला होता.

रात्री नान्नांना सांगितलं.
तीस वर्षं मागावर काढलेला माणूस, वाटलं, म्हणतील,
एका ताण्यावर तीन धोटे.
म्हणाले, उगीच मागाशी जोडू नको.
माग कुणाला काही विचारत नाही. तुझं ते विचारतंय.
मग अम्माकडे बघून,
हे तुमच्या शाखेतल्या चिल्वेरीसारखं झालं की.

अम्मानं मांडीवरच्या सुपातून मान वर केली नाही.
चिल्वेरीसारखं म्हणजे वाईट.
खिडकी एकच. पान पाहिजे तरी तीच,
तंबाखू कमी भरली तरी तीच,
पीएफच्या कागदालाही तीच.
हजार विड्या नेल्या की हातानं चाळायचा
आणि मूठ-दोन मूठ बाजूला. छाट.
कशाला छाट, ते सांगायचा नाही.
परतही द्यायचा नाही.

ती मूठ कुठं जायची, अम्मा?

ओढत असेल.

सकाळी मालक यायच्या आत जुनी नोंद उघडली.
सोडलेलंही सर्व्हर टिपून ठेवतो,
चिल्वेरीपेक्षा तेवढा प्रामाणिक.
एकशे बारा निघाले.
बरेच औषधं विकणारे, कर्ज देणारे.
एका बाईची तक्रार चार वेळा,
फोन अडकला असेल, तिनं बटण दाबत ठेवलं असेल,
अकरा टॉवेल, अकरा टॉवेल, अकरा, अकरा.
आणि काही जण,
ज्यांच्या फोननं पानाची जुनी प्रत धरून ठेवली होती,
माझा रकाना त्यात नव्हताच.

त्यातला एक अर्ज कामाचा.
बाकी सगळं इंग्रजी अक्षरांत,
तुटलेला धागा जोडते, अकरा वर्षं, रात्रपाळी चालेल.
नाव तेवढं स्वतःच्या लिपीत लिहिलं होतं,
आणि माझ्या स्क्रिप्टला ती लिपी कुणी सांगितली नव्हती.
नऊ प्रश्नचिन्हं, मोकळी जागा, सात प्रश्नचिन्हं.
चाचणी घेताना मी नाव टाकलं होतं एबीसीडी.

दुपारपर्यंत बदललं.
एक चौथी वही केली, न कळलेल्यांची, रोज वाचायची.
दोनदा दाबलं तर एकदाच धर.
नाही म्हणायचं तर कुठला रकाना चुकला ते सांग,
मराठीत, आणि ओरडू नको.
मग त्या नंबरला फोन लावला.

जागा भरली होती. तेही सांगितलं.
पलीकडे कुकरची शिट्टी झाली.
तीन महिने झाले की ओ, ती म्हणाली,
मला वाटलं, पोचलंच नाही.
पोचलं होतं. नाव सांगता का परत?
राजेश्वरी गुंडेटी.
कुठल्या गुंडेटी, मी आमच्या भाषेत विचारलं,
आणि ती हसली, दाजी पेठेच्या.

फोन ठेवून कागद घेतला.
तिनं लिहिलं होतं तसं लिहावं म्हटलं.
घरी आम्ही तेलुगूच बोलतो,
शाळा माझी मराठी.
पेन र वर टेकवून बसून राहिले.
स्क्रिप्टला आता येतं.
संध्याकाळी नान्नांना विचारायचं,
हा र कुठून सुरू करतात.