सातची घडी

सातच्या पाढ्यापाशी आमची शाळा दर वर्षी अडते.
सहापर्यंत मुलं उताराला लागलेल्या सायकली,
मग सात चोकला कुणीतरी खिडकीबाहेर बघतं,
आणि बाहेर आगरवाड्याची मिठागरं,
चौकोनाला चौकोन, बांधाला बांध,
मोजायला सोपी, चालायला तापलेली.

म्हणून यंदा पाढा म्हटलाच नाही.
पंचायतीच्या जुन्या नोटिसा आणल्या, पाठीमागून कोऱ्या,
चौरस कापल्या. पटावर अकरा मुलं,
कापल्या गेल्या बारा.
म्हटलं, मोडा.
मोडा म्हणजे दुमडा, तन्वेश. फाडायचं नाही.

एक घडी, दोन पट्टे.
घडीवर घडी, चार.
तिसरीला कागद कुरकुरतो,
नखानं दाबावी लागते.
उलगडला की आठ.
आता आडव्या तीन. उघडा.
चौसष्ट घरं मांडीवर,
आणि दिक्षिता ओरडली,
"टिचर, आमी मोजलेंच ना!"
तेच तर, बाय. तेच तर.

मग तिनंच विचारलं,
घडी घातलीच नाही तर?
तर एक घर.
शून्य घड्या आणि घर एक?
मी उत्तर दिलं नाही,
न दुमडलेला कागद तिच्या हाती दिला.
बराच वेळ ती त्याच्याकडे बघत होती,
आरशाकडे बघावं तशी.

तीनची घडी पत्रासारखी, असं म्हणून गेले.
पत्र कुणी पाहिलेलंच नव्हतं.
लाईटबिलासारखी म्हटल्यावर जमली.
तीन उभे, चार आडवे, बारा.
कागद फिरवला तर चार उभे, तीन आडवे.
बारा काही हलले नाहीत.

पण सात?
अर्ध्याचं अर्धं करत जा,
सात वाटेत कुठे भेटत नाही.
दोन भेटतो, चार, आठ,
सात कुणाच्या तरी घरी बसून राहतो.

बाकाच्या टोकाला रेणव्वा.
बाप बांधाच्या मातीकामाला, तिकडून बेळगावच्याही पलीकडून.
तिनं आठ पट्टे केले
आणि शेवटचा मागे वळवून टाकला.
"एळु," म्हणाली. मग आमच्यासाठी, "सात."
दुसऱ्या बाजूनंही तसंच.
बाकीच्यांनी तिचं बघून वळवले.

मी फळ्यावर लिहिलं:
चौसष्टातून आठ गेले, पुन्हा आठ गेले,
अठ्ठेचाळीस.
मुलांनी कागदावर बोट ठेवून मोजलं.
एकोणपन्नास.
परत मोजा.
एकोणपन्नास.
तन्वेश म्हणाला, माझा कागद चुकलाय.
भिंतीवरचा पाढाही त्याच्याच बाजूनं,
सात साती एकोणपन्नास.
खडू हातात, आणि बारा वर्षांची नोकरी,
मला क्षणभर खरंच कळेना
हे एक घर आलं कुठून.

रेणव्वा उठून आली.
कागदाचा कोपरा तिनं चिमटीत धरला.
तिथे तो जाड होता, दोन वेळा वळलेला.
"हे दोनदा गेलं," ती म्हणाली,
"एकदा इकडून, एकदा तिकडून.
आहे एकच."

वर्ग पुढे गेला, आठ साती, नऊ साती.
मी तिथेच राहिले.

सुटल्यावर हजेरीपट काढला.
तिकडच्या शाळेनं तिला 'गाव सोडून गेली' म्हणून कमी केली होती.
इकडे मी, सतरा दिवस दिसली नाही म्हणून,
नावावर पेन्सिलीनं रेघ.
दोन्हीकडून हिशेब बरोबर होता.

रेघ पुसली. पूर्ण गेली नाही,
रबरानं कागद थोडा उसवला.
खाली बेरीज बदलली, बारा,
आणि कुलूप लावून निघाले.

बांधावर मुलं अजून होती,
आगराचे कोपरे वाकून बघत,
कुठे जाड आहे का म्हणून.
दिक्षितानं लांबूनच विचारलं, उद्या नऊ?
उद्या नऊ.
तिनाच्या घडीवर तिनाची घडी.
घरून लाईटबिलं आणा,
भरलेली.