बारा फुटांवरून

मिस्त्रींच्या छातीत आता बॅटरी आहे.
डॉक्टर म्हणाले, चालू इंजिनाच्या वायरींपासून लांब राहा.
लांब म्हणजे किती, ते काही बोलले नाहीत.
म्हणून दस्तगीर शिकलगारांनी स्वतःच टेप धरून
बारा फूट मोजले
आणि फौंड्रीच्या भिंतीला लावून
तिथं एक स्टूल ठेवलं.

मधलं अंतर माझं.

आज प्रीमियर आलीय, पायगोंडा मगदूमांची.
बँकेतून सुटले, पण कॅशियरपण सुटलं नाही.
वहीत मांडून आणतात :
कुठं बंद पडली, किती वाजता, काटा किती.
बालिंग्याचा पूल, सात वेळा.
"अर्धा तास थांबलो की गपगुमान सुरू होते.
मग हिला झालंय तरी काय?"

"गार असताना सगळीच खरं बोलत्यात, सायेब.
आधी तापवू. मग विचारू."

प्लग काढते. तोंडाला कोरडं काजळ.
डेल्कोचं टोपण उघडते.
पॉइंटला एका बाजूला खड्डा, दुसरीकडं टेंगूळ.
कानस फिरवते, दुमडलेलं पोस्टकार्ड सारून गॅप बघते.
त्या पोस्टकार्डावर कुणीतरी सुखरूप पोचलं होतं कधीतरी,
आता अक्षरांच्या जागी नुसतं तेल.

"बॉडीला धर. रंग?"
"निळा."
"वाजतोय?"
"टकटक वाजतोय."
"लाव परत. चालू राहू दे."

उद्यमनगरात या वेळी ओतकाम चालू असतं,
जळक्या वाळूचा वास चहात उतरतो.
मगदूम वहीत वेळ टिपतात.
मिस्त्री कान देऊन बसलेत,
हात मांडीवर, रिकामे,
मधूनच बोटं नसलेला पाना फिरवतात.

पंचविसाव्या मिनिटाला गाडी अडखळली, मेली.
कॉइलवर हात ठेवते, ठेववत नाही.

"आता धर. रंग?"
"पिवळा. बारीक. केसागत."
"कॉइल," ते म्हणाले,
घरातलं माणूस गेल्याचं सांगावं तसं, हळू.

आयटीआयमधून आले त्या दिवशी
त्यांनी मला एक वायर दिली होती. "धर."
खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या, पाना कुठंतरी उडाला,
आणि हे हसत होते :
"वळख झाली. आता ती तुला इसरायची न्हाई."
स्वतः तर चालू गाडीत बोट घालून सांगायचे
कुठल्या सिलिंडरला करंट कमी.

मोडीतल्या अँबेसेडरची कॉइल बसवली.
गाडी चालली. पण मिसिंग राहिलं,
चार पावलांत एक लंगडं.
मगदूमांनी वही उघडली. मी मिस्त्रींकडं बघितलं.

"अंधार पडू दे," ते म्हणाले.

साडेसातला शटर निम्मं ओढून
मी बल्ब बंद केला, बॉनेट उघडं, इंजिन चालू.
आधी काहीच नाही.
मग डोळे सरावले.

"काय दिसतंय?"
"टोपणाच्या कडेला... मुंगी चालल्यागत.
जांभळी मुंगी. तीन नंबरपासून खाली,
जाते, विझते, परत येते."
"चीर हाय तिथं. दिवसा दिसली नसती."
जरा वेळानं :
"अजून चालतीय?"
"हां."
"कशी, सांग की."

मी सांगत राहिले. काम झालं होतं, टोपण बदललं की संपलं,
तरी पाचेक मिनिटं मी सांगत राहिले
आणि ते अंधारात, भिंतीजवळ, व्हय व्हय म्हणत राहिले.
मगदूमांनी यातलं काही लिहून घेतलं नाही.

नवं टोपण. बल्ब लागला. शेवटचं टायमिंग :
डेल्कोचा बोल्ट ढिला करून
मी दोन्ही हातांनी धरलंय, पोटात थरथर येतेय.
पलीकडं ते मनगट फिरवतात,
इवलंसं,
मी तेवढंच फिरवते.
अजून थोडं. न्हाई, मागं घे.
मागं. केसभर.

त्यांचा हात हवेत थांबला.
"बांध."