मठार

जपानी गाडी, बहात्तरची.
नाना पेठेत तिचा एक नट मिळत नाही.
बुश भोसरीत कातून आणले.
कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन, मडगार्डं फायबरची, रुंद,
मागे पंख –
यादी मोबाइलमध्ये तयार होती.

कर्डे रंग सोलत होते.
पांढरा, खाली पोपटी,
मग लांबी, बोटभर जाड.
ती निघाली, पत्रा उघडा पडला
आणि त्यांचा हात थांबला.
चष्मा कपाळावर, बोटं पत्र्यावर.
"हे मठारलंय," म्हणाले,
"हंडा मठारतात तसं.
आणि डाव्या हातानं."

तांबट आळीत डावखुरा एकच.
हंडे खपेनासे झाले तेव्हा
म्हणे कुठल्याशा गॅरेजात जायचा,
घरी सांगायचा नाही.
तुमचा कोण, ते मी विचारलं नाही.
चहा निवला.
ते ठोका अन् ठोका चाचपत बसले.

फायबरची ऑर्डर रद्द केली.
इंजेक्शन मात्र बसवलं, तेवढा हट्ट माझाही.

आता कात्रजच्या चढाला ती तिसऱ्यात किंचाळते.
डाव्या मडगार्डला लांबी नाही, रंग नाही,
नुसतं लॅकर.
सिग्नलला रोज कुणीतरी स्कूटरवाला वाकून सांगतो,
"साहेब, तेवढं डेंटिंग राहिलंय."