अंतूरच्या वाटेवर

नागापूर मागे पडलं
तसा मोबाईल गप्प झाला.
सागाची वाळली पानं
पायाखाली पापडासारखी.

मैलाचा दगड माझ्याहून उंच,
चारी अंगांनी फारसी.
यासीनभाईंना वाचता येत नाही,
मलाही नाही.
"ही बाजू शेळ्यांची," ते म्हणाले.
खरंच, तिथली अक्षरं
पाठी घासून घासून गुळगुळीत.
एखादं गावच पुसलं गेलं असेल.

बुरुजावर वारा टोपी मागत होता.
खाली खानदेश, धुरकट.
मी फोटो काढत सुटलो:
दरवाजा, तळं, पुन्हा दरवाजा.
ते मघापासून एकीकडेच बघत उभे.
"तिकडं काय आहे?"
"काय नाय. तिकडं पोरगी दिलीय."

उतरताना
दगडाच्या त्या कोऱ्या अंगावरून
त्यांनी हात फिरवला,
शेळीच्या पाठीवरून फिरवावा तसा.