क्रॅडक साहेबांचं खातं

पिला हाउसच्या मागे आमचं दुकान होतं,
टोप, दाढ्या, गंगावनं भाड्यानं देण्याचं.
आजोबांची वही मोडीत. एका पानावर ठळक:
'क्रॅडक साहेब, नाटकवाले.'

१९११. सोनेरी कुरळा टोप, नग एक.
कंपनी विलायतेहून आलेली, साहेब राजपुत्र.
म्हणे त्याची कुजबुजसुद्धा
गॅलरीतल्या शेवटच्या सोजिराला ऐकू जायची.
मग मॅनेजर गल्ला घेऊन कोलंबोच्या बोटीत बसला
आणि राजपुत्र इथंच राहिला,
टोप परत न करता.

१९१९पासून नोंदी दाट.
पांढरे कल्ले. तांबड्या मिशा. पुन्हा तांबड्या मिशा.
दादरला काचेच्या छपराखाली
तो कधी कलेक्टर, कधी कप्तान,
आणि चौथ्या रिळात मरायचाच.
पडण्याचे पाच रुपये, घोड्यावरून पडलं तर सात.
ओठ हलले पाहिजेत, एवढंच काम;
तर हा राजपुत्राची स्वगतं म्हणायचा, खड्या आवाजात,
आणि पडद्यावर पाटी यायची:
'नेटिवांनो, सारा भरा!'

एकदाच, १९२७ला: काळ्या जटा, रुद्राक्षाच्या माळा दोन.
ऋषी करणारा नट तापानं पडला होता.
त्या फिल्मवर निळे डोळे पांढरेफटक उमटत,
म्हणून आजोबा म्हणाले, साहेब, डोळे मिटून घ्या.
सगळं काम त्यानं मिटल्या डोळ्यांनी केलं.
खेळ सुटल्यावर बायका पडद्यापुढे नारळ ठेवून गेल्या.
तो दाराशी उभा होता, बिडी ओढत.
कुणी ओळखलं नाही.

पुढं बोलपट आला.
माइकवाला म्हणाला, साहेब, हळू.
साहेब कुजबुजला.
काटा तरीही उडाला.

शेवटची नोंद वेगळ्या शाईत:
'सोनेरी टोप जमा. वीस वर्षांचं भाडं
मागितलं नाही.'
का, ते लिहिलेलं नाही.
शिवडीला पुरलं म्हणतात. मी शोधायला गेलो नाही.

टोप कसरीनं अर्धा खाल्लाय.
गेल्या वर्षी नातीच्या शाळेत नाटक होतं,
तिला सिंह व्हायचं होतं, आयाळ मिळेना.
आतल्या अस्तरावर घामाचा जुना डाग,
त्यावर मी नवं कापड शिवलं.
तिला एकच वाक्य होतं.
मी शेवटच्या रांगेत बसलो होतो.